देव्हाऱ्यातला पासपोर्ट

गोडबोल्यांकडे आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो आणि तासाभराने निघालो, तेव्हा दाराबाहेरच्या आमच्या चपला कोणीतरी फिरवून ठेवल्या होत्या. आम्ही त्या दाराकडे तोंड करून काढल्या होत्या, जशा सगळेच काढतात. आता त्या लिफ्टकडे तोंड करून, टाचा उंबऱ्याला टेकवून, जोडीजोडीने उभ्या होत्या. पाय घालायचे आणि चालू लागायचं. कोपऱ्यात एक निळा रबरी जोड होता, तोही तसाच. माझी बायको नीलिमा हिला ही पद्धत फार आवडली. यजमानीण अनघा गोडबोले मात्र ओशाळली. "सीता, किती वेळा सांगितलं तुला? पाहुण्यांना हाकलतेस का?" ती आत वळून म्हणाली. आतून शांत आवाज आला, "हाकलत नाही ताई. निघायला सोपं."

चहा देताना ही मुलगी एक शब्दही बोलली नव्हती, त्यामुळे तिला मराठी येतं हे आम्हाला दारातच कळलं. सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये दहाव्या मजल्यावर आम्ही दोनच मराठी घरं. गोडबोल्यांची ईशा आजीशी "ओके लाह, आजी" याच्यापुढे बोलत नसे, आणि माझी स्वतःची मराठी बँकेत वीस वर्षं काढून निम्मी इंग्रजी झालेली. त्या मजल्यावर सगळ्यांत नेटकं मराठी बोलणारी व्यक्ती ब्रह्मदेशातून आलेली होती आणि गोडबोल्यांची भांडी घासत होती.

तिचं खरं नाव थिडा. आजींच्या, म्हणजे शैलेश गोडबोल्याच्या आईच्या कवळीला ते झेपेना, म्हणून आल्या आठवड्यातच तिची सीता झाली. समुद्रापलीकडच्या श्रीमंत बेटावर आणून ठेवलेल्या बाईला हे नाव देताना पुढचं रामायण कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिचं गाव मंडालेच्या वरच्या अंगाला. मंडाले म्हटलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. तीच आठवून मी उत्साहाने म्हणालो, "अरे वा, म्हणजे तो प्रसिद्ध तुरुंग."

"हो काका," ती म्हणाली. "अजून चालू आहे. माझा भाऊ आहे तिथे."

मी चकलीची तारीफ केली.

तिच्या देशात सैन्याने सत्ता घेतली, लोकांनी हत्यारं उचलली आणि बघता बघता युद्ध तिच्या गावापर्यंत आलं. विमानाचा आवाज आला की घरामागच्या चरात जाऊन पडायचं. तिथवर पळता यावं म्हणून चपला आधीच फिरवून ठेवायच्या. चपला वळवून पाय घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तिची धाकटी मावशी गेली. गाव नंतर जाळलं. आई रानातल्या छावणीत आणि ही मुलगी एका एजंटामार्फत सिंगापुरात. हे सगळं तिने नीलिमाला आमच्या ओट्यापाशी उभं राहून, पुरणपोळ्या लाटता लाटता सांगितलं. कारण सीताची पुरणपोळी आमच्या मराठी मंडळात नावाजलेली होती आणि अनघा तिला मोठ्या मनाने चार घरी पाठवत असे. आमच्याकडे ती दोनदा येऊन लाटून गेली. आम्ही त्याला शेजारधर्म म्हणत असू.

गोडबोले वाईट माणसं नव्हती. हे वाक्य मी पुढे इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आणि स्वतःही इतक्यांदा म्हटलं, की आता त्याचा अर्थ विचारला तर मला सांगता येणार नाही. शैलेश सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, अतिशय सभ्य. कोणी लांबून येताना दिसलं तर लिफ्टचं दार धरून उभा राहणारा. अनघा लहान मुलांचे श्लोकवर्ग घ्यायची. सीताने पहिल्या दिवशी "मॅडम" म्हटलं तर हिने तिला थांबवलं. "आपल्याकडे नोकर मानत नाहीत. ताई म्हणायचं. घरचीच आहेस तू." आणि एकदा घरची म्हटल्यावर बाकीचं ओघानेच आलं. रविवारची सुट्टी? "घरच्या माणसाला कुठे सुट्टी असते? मला आहे का?" फोन? "घरच्या मुलीच्या हातात आपण दिवसभर फोन देतो का?" तो रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मिळायचा. आणि पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या कपाटात, दागिन्यांशेजारी, कुलपात. "सगळ्या घराचे तिथेच असतात, तिचाही. देवाजवळ आहे, याहून सुरक्षित काय असणार?" घरकामाला ठेवलेल्या हेल्परचा पासपोर्ट हेल्परकडेच हवा असा इथला कायदा आहे. तो अनघाला माहीत होता. मलाही माहीत होता.

झोपायला तिला खोली होती. आमच्या फ्लॅटांत एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची खोली असते, युद्धाची वेळ आलीच तर घरच्यांनी आसरा घ्यावा म्हणून सरकारने बांधलेली. आम्ही तीत कांदे-बटाटे, प्रवासाच्या बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवतो. गोडबोल्यांकडे त्या खोलीत मखराशेजारी सीता झोपायची. युद्धातून सुटून आलेल्या मुलीला सबंध मजल्यावर एकटीला बॉम्बपासून संरक्षण होतं. एकदा मी हे गमतीने शैलेशला म्हटलंही, आणि तो मनापासून हसला.

तिला मराठी शिकवलं आजींनी. आजींचे गुडघे गेलेले, त्या व्हीलचेअरवर, आणि दिवसभर घरात त्या दोघीच. आजींनी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून महिने शिकवले, तिथी शिकवल्या, चातुर्मासात काय खात नाहीत ते शिकवलं. त्यामुळे ही मुलगी "मार्चमध्ये" म्हणत नसे, "फाल्गुनात" म्हणे. दूध नासलं तर "जळ्ळं मेलं ते" म्हणे. तिने सांगलीचं घर पाहिलेलं नव्हतं, पण त्या घराच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत ते तिला ठाऊक होतं. आजींना दर महिन्याला सांगलीला परत जायचं असे आणि दर महिन्याला मुलाकडून त्यांना "बघू या" मिळे. त्यांचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

सीताचं आवडतं उत्तर "हरकत नाही." ते तिने कुठून उचललं कोण जाणे, पण सगळ्या प्रसंगांना ती ते वापरायची. आज बाहेर जायचं नाही, पाहुणे येणार आहेत. हरकत नाही. तुझं जेवण उरलं नाही गं, मॅगी करून घे. हरकत नाही. अनघा कधी गोड आवाजात म्हणायची, "अशी विसरलीस ना, तर पाठवून देईन हं परत." आम्ही सगळे हसायचो. सीता तेवढ्या एका वाक्याला "हरकत नाही" म्हणत नसे. ती हातातलं काम थांबवून अनघाच्या तोंडाकडे बघत राहायची. परत जाणं म्हणजे काय ते खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. तिकडे सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती, मुलींच्याही याद्या होताहेत असं ऐकू येत होतं, आणि ती पंचवीस वर्षांची होती. ज्यांनी गाव जाळलं त्यांचाच गणवेश तिच्या अंगावर चढला असता.

मला हे सगळं तिनेच सांगितलं, दोन मिनिटांत, कचरा टाकायच्या झडपेपाशी. ती झडप लिफ्टच्या शेजारी आहे, आणि तिच्या दिवसातला घराबाहेरचा वेळ साधारण तेवढाच होता. "काका, माझा पासपोर्ट फाल्गुनात संपतो. नवा करायला मला स्वतः वकिलातीत जावं लागतं. पासपोर्ट संपला की परवाना संपतो, मग परत. ताई म्हणतात हातात दिला की मुली पळतात. तुम्ही दादांशी बोलाल?"

"बोलतो ना," मी म्हणालो. आणि मी खरोखर शैलेशला गाठलंही. आम्ही क्रिकेटवर बोललो, कार पार्किंगवर बोललो, मंडळाच्या कार्यक्रमावर बोललो. कोणाच्या घरातल्या गोष्टीत पडायचं नाही असं मला लहानपणी शिकवलेलं आहे, आणि मोठेपणी ती शिकवण फार सोयीची पडते. आठ दिवसांनी ती परत झडपेपाशी भेटली. "अजून जमलं नाही गं, तो फार कामात आहे." "हरकत नाही काका." पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही, मीच आपणहून काहीतरी पुटपुटलो. "हरकत नाही," ती म्हणाली आणि माझीच पिशवी झडपेत टाकून गेली.

मग आश्विनात तिने मला वेगळंच विचारलं. "काका, दिवाळी पहाट यंदा किती वाजता आहे?"

आमच्या मंडळाच्या दिवाळी पहाटेचं निवेदन गेली अनेक वर्षं मी करतो, किंवा करत असे. कोणी त्याबद्दल विचारलं की मला राहवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला, कम्युनिटी सेंटरच्या सभागृहात. अनघाताई समूहगानात आहेत, त्यांना साडेपाचला पोचायचंय. शैलेश आणि ईशा रांगोळीला. दहा वाजेपर्यंत कोणी घरी येत नाही. माझ्या निवेदनाची संकल्पना 'प्रकाशाकडे' अशी आहे. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. हिला निदान रसिकता तरी आहे, असं मी घरी येऊन नीलिमाला म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी गोडबोल्यांकडे लक्ष्मीपूजन. आम्ही इथले लोक चौरंगावर सोन्याबरोबर लॅपटॉप मांडतो आणि पासपोर्टही मांडतो. आमची लक्ष्मी व्हिसावर आली आणि कामाच्या पासवर टिकून आहे, तेव्हा त्यात काही चूक नाही. अनघाने पाच पासपोर्ट पंख्यासारखे मांडले, चार निळे आणि एक तांबडा. निळ्यांना चामडी कव्हरं होती, तांबडा उघडाच होता. तिने प्रत्येकाला हळदीकुंकवाचं ओलं बोट लावलं, आणि मग सगळ्यांचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "या वर्षीही सीताच्या पासपोर्टची पूजा आपल्या कपाटातून काढून आपल्यासोबतच. शेवटी घरचीच ना ती." पाच मिनिटांत चाळीसेक अंगठे आणि हात जोडलेली चित्रं आली. एक अंगठा माझा होता.

सीता फराळाची ताटं घेऊन उभी होती. स्वतःचा पासपोर्ट ती वर्षभराने पाहत होती, चार हातांवरून. मी तिला म्हणालो, "बघ, तुझीही पूजा झाली." ती म्हणाली, "हो काका. आता उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं ना?" "अगदी बरोबर," अनघा कौतुकाने म्हणाली. "उद्या दुपारी आम्ही परत आलो की उत्तरपूजा, मग सगळं परत कपाटात. बघा, आमच्या ईशाला हे माहीत नसेल." वर्षातून एकच रात्र ते कपाट रिकामं असतं, हे त्या खोलीत आणखी कोणाच्या डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही. आजी आपल्या खुर्चीत बसून चौरंगाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नवा कुर्ता घालून लिफ्टपाशी आलो. नीलिमा येणार नव्हती, माझं निवेदन तिने घरी आठ दिवस ऐकलं होतं. लिफ्टपाशी सीता उभी होती. पायात निळ्या रबरी चपला, खांद्याला मंडळाचीच कापडी पिशवी.

"आजींनी उत्तरपूजा केली, काका," ती म्हणाली. हातात तांबडा पासपोर्ट होता, त्यावर हळदीचं बोट, आणि पानांत दोन-चार अक्षता अडकलेल्या.

"ताईंना सांगितलंस का?" मी विचारलं. जगात विचारण्यासारखे इतके प्रश्न असताना मला हा सुचला.

"ताई गाण्याला गेल्या. मुलींना मदत करणाऱ्या लोकांचं ऑफिस रविवारी उघडं असतं. समोरच्या ब्लॉकची मुलगी कपडे वाळत घालताना सांगायची." कुठे बदलायचं, किती स्टेशनं, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, सगळं तिने पाठ केलं होतं. दोन वर्षांत ती इथल्या मेट्रोत, एमआरटीत, एकदाही बसलेली नव्हती. "काकूंना सांगाल? आजींची गोळी सात वाजता. आधी बिस्किट द्यायचं."

मी लिफ्टचं बटण दाबलं. स्वातंत्र्यलढ्यातला माझा वाटा एवढाच. खाली येईपर्यंत मला वाटत होतं की म्हणावं, चल, मी टॅक्सीने सोडतो. पण सातचा कार्यक्रम, सभागृह भरत असणार आणि पहिलं निवेदन माझं. नीलिमाला फोन करून गोळीचा निरोप तेवढा दिला. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमधून ती स्टेशनकडे वळली, मी टॅक्सीत बसलो. तिने मागे वळून पाहिलं नाही. मीच बघत होतो.

त्या दिवशी माझं निवेदन फार रंगलं असं सगळे म्हणाले. अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या एका साध्या पणतीवर मी बोललो आणि दुसऱ्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले. मग ठरल्याप्रमाणे सभासदांच्या घरच्या पूजांचे फोटो पडद्यावर दाखवले. ते निवडण्याचं कामही माझंच होतं. गोडबोल्यांचा फोटो आला, भिंतभर मोठा, चार निळे आणि एक तांबडा, खाली अनघाच्या ओळीसकट. टाळ्या झाल्या. अनघा समूहगानाच्या रांगेतून लाजून हसली. मी माईक धरून उभा होतो आणि माझे कान तापले होते. जिचा पासपोर्ट पडद्यावर होता ती त्या वेळी बहुधा अजून गाडीतच असेल. मला एवढंच वाटत होतं की तिचं स्टेशन चुकू नये.

तिकडे नीलिमाने आजींना बिस्किट दिलं, गोळी दिली आणि मग विचारलं, की आजी, हे झालं कसं? आजी शांतपणे म्हणाल्या, "झालं काय? तिने माझी खुर्ची चौरंगापाशी नेली आणि म्हणाली, आजी, तुम्ही मला हे उचलू नकोस म्हणालात तर नाही उचलणार. मग मी म्हटलं, घरातली मोठी मी आहे. उत्तरपूजा मी करायची नाही तर कोणी? अक्षता टाकल्या, नमस्कार केला. म्हटलं, घे, आता हलवायला हरकत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "सगळं म्हटलं हो नीट. फक्त 'पुनरागमनाय च' तेवढं म्हटलं नाही."

दुपारी गोडबोल्यांकडे रडारड झाली. "घरच्यासारखं वागवलं हो," अनघा आमच्या सोफ्यावर बसून म्हणत होती, आणि ती खरोखर दुखावली होती, हे मला सांगायलाच हवं. दोन दिवसांनी इथल्या कामगार मंत्रालयातून बोलावणं आल्यावर दुःखाची जागा हिशेबीपणाने घेतली. गोडबोल्यांचं म्हणणं असं झालं, की पासपोर्ट पहिल्यापासून सीताकडेच असायचा, तिला कोणी अडवलं नव्हतं, ती आपल्या मनाने पळाली. हे खरं ठरलं असतं तर तिला दुसरं काम धरायची परवानगी मिळाली नसती. सरळ विमानात बसवून परत. ग्रुपवरचा तो फोटो त्याच संध्याकाळी नाहीसा झाला. आणि सभागृहात तो भिंतभर पाहिलेल्या कोणालाही तो आठवेना. "होता का? आमचं लक्ष गाण्याकडे होतं," असं मला निदान सहा जणांनी सांगितलं.

मदत करणाऱ्या लोकांपैकी एका बाईंनी मला फोन केला. सीताने माझं नाव दिलं होतं. अधिकाऱ्यांनी पासपोर्टवरच्या पिवळ्या डागाबद्दल विचारलं, तो पुसूनही पाहिला, पण हळदीचा डाग जात नाही हे कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला माहीत असतं. हा डाग कसला, कोणी लावला, एवढं तुम्ही सांगू शकाल का, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, विचार करून कळवतो. नीलिमा समोर भाजी निवडत होती. "काय विचार करणार आहेस?" तिने विचारलं. मी शेजाराबद्दल बोललो, मंडळाबद्दल बोललो, शैलेश लिफ्टचं दार कसं धरतो त्याबद्दलही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोटो तू पाठवतोस की मी पाठवू? मी पाठवला तर खाली लिहीन, की माझ्या नवऱ्याने हा भिंतीवर दाखवला होता."

मी पाठवला, पडद्यासाठी उतरवून घेतलेला माझ्या लॅपटॉपवर होताच. सोबत एक पानभर निवेदनही लिहिलं, हळदकुंकू म्हणजे काय, लक्ष्मीपूजन म्हणजे काय, पूजेच्या आधी आणि नंतर या वस्तू कुठे असतात. अनघाची ओळ भाषांतर करून दिली, 'आपल्या कपाटातून' या शब्दांसकट. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कमी अलंकारिक निवेदन ते, आणि उपयोगी पडलेलं एकमेव.

थिडाला काम बदलायची परवानगी मिळाली. तिने पुढच्याच आठवड्यात वकिलातीत अर्ज टाकला आणि फाल्गुनाच्या आत नवा पासपोर्ट हाती आला. गोडबोल्यांना पुन्हा हेल्पर ठेवायला बंदी झाली. मग आजींचं करणार कोण, असा प्रश्न उभा राहिला, आणि अडीच वर्षं "बघू या"मध्ये अडकलेलं सांगलीचं तिकीट चार दिवसांत निघालं. आजी गेल्या त्या सकाळी नीलिमा दारात निरोपाला उभी होती. त्यांच्या चपला त्यांनी लिफ्टकडे तोंड करून ठेवायला लावल्या. मला दिवाळी पहाटेला पुन्हा कोणी बोलावलं नाही. शैलेश मात्र अजूनही लिफ्टचं दार धरतो, फक्त माझ्याकडे बघत नाही.

गेल्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन बुकित बातोकला गेलो. थिडा तिथे एका निवृत्त चिनी शिक्षिकेकडे काम करते. बाई रविवारी चर्चमध्ये जातात आणि हिची सुट्टी असते. खिडकी असलेली खोली तिने मला दाखवली. दाराबाहेर निळ्या रबरी चपला होत्या, लिफ्टकडे तोंड करून.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "पासपोर्ट उशाखाली असतो, काका. रोज बघते. पण जायला गाव नाही." आई अजून छावणीत होती, भाऊ तुरुंगात, युद्ध चालूच. ती हे हवामान सांगावं तसं सांगत होती. मग तिने विचारलं, "तुमच्या चौरंगावर अजून पासपोर्ट असतात?"

"नाही. नीलिमाने बंद केलं. सोनं आणि लॅपटॉप, एवढंच."

"बरं केलं. त्यांना कुठे जायचं नसतं."

ती हसली, मीही हसलो. वातावरण बरं आहे असं पाहून, वर्षभर घोळवलेलं वाक्य मी काढलं. म्हणालो, "थिडा, तेव्हा मी शैलेशशी बोलायला हवं होतं. आणि त्या दिवशी तुझ्याबरोबर यायला हवं होतं. चुकलंच माझं." आणि मी थांबलो. खरं सांगायचं तर मी तिच्या उत्तराची वाट पाहत होतो, कारण ते मला पाठ होतं.

तिने क्षणभर माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो काका," ती म्हणाली. "चुकलं."

मग तिने ताटली माझ्यापुढे सरकवली. तिनेच केलेल्या चकल्या होत्या, आजींच्या पद्धतीच्या. मी एक घेतली.